धरणारा आहे तोवर

नेमूभाऊंची आठवण आली की मला सगळ्यात आधी ऊन आठवतं. वाशीमचं, एप्रिलमधलं, भर दुपारचं. स्टेशनवर आलेलं पुस्तकांचं पार्सल डोक्यावर घेऊन मी कॉलेजकडे पायी निघालो आहे, सदरा पाठीला चिकटला आहे आणि एका सज्जन, निर्व्यसनी, मुंगीलाही न दुखावणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घालतो आहे.

कारण त्या माणसाने मला सायकल दिली होती. दिली होती म्हणजे, "माने सर, हे सायकल तुमची," असं सांगितलं होतं. तेच त्याने आपल्या मेव्हण्यालाही सांगितलं होतं आणि कॉलेजच्या ग्रंथपालालाही. सायकल नेमूभाऊंच्या ओसरीत उभी असायची. मी सकाळी न्यायचो, ग्रंथपाल संध्याकाळी, मेव्हणा बाजाराच्या दिवशी. आम्हा तिघांना एकमेकांचा पत्ताच नव्हता. पार्सल आलं त्या दुपारी मात्र आम्ही तिघंही एकदम ओसरीत येऊन उभे राहिलो आणि तिघांनीही हँडलला हात घातला.

"तिघाइले तीन सायकली कायले पाह्यजेत?" नेमूभाऊ शांतपणे म्हणाले. "एका टायमाले चालवणारा एकच असते ना? इतके दिवस कोणाले कमी पडली का? सांगा बरं."

कमी पडली नव्हती. डोक्यात तिडीक जायची ती याच गोष्टीने. नेमूभाऊंचं कुठलंही म्हणणं चुकीचं म्हणून उडवून लावता येत नसे आणि बरोबर निघालं तरी पायी चालणं आपल्याच नशिबी येत असे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी साताऱ्याकडचा, इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला आलेला. नेमूभाऊ गणित शिकवायचे आणि माझ्या समोरच्याच घरात राहायचे. घराणं जैन व्यापाऱ्यांचं, एके काळी मोठं भांड्यांचं दुकान असलेलं. हा एकुलता मुलगा दुकानात बसायचं सोडून मुंबईला शिकला आणि तिथल्या एका संशोधन संस्थेत लागला. त्या संस्थेत खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता. त्याच्या अगदी गाभ्यातला जो प्रोग्रॅम असतो, बाकी सगळ्या प्रोग्रॅमना जागा वाटून देणारा, तो लिहिणाऱ्या चार माणसांत नेमूभाऊ होते. पुढे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळले. नेमूभाऊ बायकोला घेऊन परत आले आणि बी.एस्सी.च्या पोरांना गणित शिकवू लागले. पण डोकं तिकडेच राहिलं.

मी कॉम्प्युटर फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलेला. तरी नेमूभाऊंचं ते शास्त्र मला तोंडपाठ झालं, कारण ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नसे.

"हे पाहा," ते म्हणायचे, "ही ओसरी. हे मशीनची खरी मेमरी. लहान, पण सारं हाताशी. मांगची कोठी म्हंजे डिस्क. लय मोठी, पण आणाले-नेयाले टाइम लागते. आता प्रत्येक प्रोग्रॅमले आपण सांगतो, बावा, सारं घर तुयं हाये. त्याले खरंच वाटते! तो जे मांगन ते कोठीतून ओसरीत आणून देयाचं. ज्याले कोणी हात लावत नाई ते परत कोठीत. हे व्हर्च्युअल मेमरी."

"म्हणजे थाप."

"थाप कायची? मांगतलं का देतो ना आपण!"

त्या सामानाची ते गाठोडी कल्पायचे. प्रत्येक गाठोड्याला नाव आणि ते किती जणांनी धरलंय याची मोजदाद. त्यांचे नियम थोडे होते आणि ते दिवसातून अनेकदा कानावर पडत. मांगतल्याशिवाय हलवाचं नाई. वाचणाऱ्याइले एकच पुरते, लिहिणाऱ्याले वेगळं द्याचं. आणि सगळ्यात लाडका नियम: एक जरी धरणारा हाये तोवर गाठोडं मोडाचं नाई.

हे सगळं मुंबईच्या यंत्रात चाललं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण मुंबईचं यंत्र हाताशी नसल्यामुळे नेमूभाऊंनी ते वाशीमवर चालवलं. स्टाफरूममधले दोन पेपर बंद करून त्यांनी एकच सुरू ठेवला. प्राचार्यांच्या खांद्यावरून डोकावून आम्ही तो वाचायचो. तक्रार केली तर म्हणत, "शब्दकोडं सोडवाचं हाये का? मंग दुसरा अंक आणून देतो. नुसता वाचाचा असन तर यातच वाचा."

माझं लग्न झालं तेव्हा तर त्यांनी कमालच केली. सुट्टीत मी गावी होतो. नवं बिऱ्हाड थाटायचं म्हणून खोलीची किल्ली आणि सामानाचे पैसे नेमूभाऊंकडे ठेवून गेलो होतो. "तुमी निवांत या. सारं घर तयार राहीन," असं त्यांनी छातीला हात लावून सांगितलं होतं. बायकोला घेऊन आलो, दार उघडलं, तर आत चार भिंती. बादलीसुद्धा नाही. मी तावातावाने समोर गेलो.

"बादली पाह्यजे का? आणतो ना आत्ता," म्हणत ते चप्पल घालून बाजारात पळाले. बादली आली. मग तांब्या नाही म्हणून पुन्हा गेले. मग चूल, मग पोळपाट. माझी बायको पहिली पोळी लाटून हातात धरून उभी राहिली आणि तवा नव्हता. घामाघूम झालेला तो माणूस दारात उभा राहून कौतुकाने म्हणाला, "पाहा माने सर, आतालोक एकबी फालतू वस्तू घरात आली नाई!"

बायकोने ती पोळी पोळपाटावर आपटली. तिच्या माहेरच्या कुणी नेमूभाऊंचं नाव घेतलं तर ती आजही पदर खोचते.

त्यांची स्वतःची बायको, सुशीलावहिनी, यातून गेलेली होती. मुंबईहून येताना नेमूभाऊंनी आपल्या प्रोग्रॅमचे छापील कागद आणले होते. रुंद, एकाला एक जोडलेले, दोन्ही कडांना भोकं असलेले, घड्यांवर घड्या घातलेले. जमिनीवर उलगडले की ओसरीतून माजघरात जायचे. वहिनी उन्हाळ्यात त्यांवर मुगाच्या वड्या घालीत. नेमूभाऊ वड्यांच्या मधून वाचीत गुडघ्यावर रांगत असत.

"मशीन मुंबईत आन येडं इथं," वहिनी म्हणायच्या. "लोकाइचे नवरे दुकान मांडतात, माह्या नवऱ्यानं पसारा मांडला."

पण त्या रांगण्यामागे एक दुखणं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुंबईचं यंत्र मधूनच गोठायचं. चांगलं चाललेलं असताना एकदम ठप्प व्हायचं आणि सगळ्यांचं काम पाण्यात जायचं. तिथल्या प्रमुखांचा संशय नेमूभाऊंनी लिहिलेल्या भागावर होता. त्यांनी कळवलं होतं, उन्हाळ्यापर्यंत दोष सापडला तर ठीक, तुमची जागाही तुमची. नाहीतर तुमचा भाग उपटून टाकू आणि परदेशातून आलेला बसवू. नेमूभाऊंनी आयुष्यात मनापासून केलेलं हे एकच काम होतं. ते पुसलं जाणार होतं, आणि ज्या यंत्रावर दोष शोधायचा ते यंत्र दिवसभराच्या प्रवासावर होतं.

"तुम्ही जाऊन या ना मुंबईला चार दिवस," मी वैतागून म्हणायचो.

"आप्पाले कोण उचलन? सुशीलाच्यानं होत नाई. आन चार दिवस मशीन गोठलंच नाई तर?" एवढं बोलून ते परत वड्यांत शिरायचे. त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीची मला दया यायची आणि त्या दयेचाही राग यायचा.

पौष आला. शिरपूरच्या जैन मंदिराला यात्रेकरूंची रीघ लागली. नेमूभाऊंच्या आजोबांनी तिथे एक लहानशी धर्मशाळा बांधलेली होती. हल्ली त्या बाजूला कुणी फिरकत नसे, पण यात्रेच्या दिवसांत नेमूभाऊ आप्पांपाशी मेव्हण्याला बसवून सकाळच्या एस्टीने शिरपूरला जायचे आणि तिचा कारभार पाहायचे. कसा पाहायचे ते सांगायला नकोच. खोल्या मोजक्या, आणि वचनं त्यांच्या दुप्पट कुटुंबांना दिलेली. "माणूस दिवसभर देवळात असते, खोली रिकामीच राहाते," हे त्यावरचं उत्तर.

त्याच सुमाराला माझे सासरे आले. कऱ्हाडचे, मामलेदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शनीत निघाल्यावरही त्यांचा आवाज कचेरीतच राहिला होता. त्यांना ते पुरातन मंदिर पाहायचं होतं. बायको म्हणाली, "त्या माणसाच्या नादी लागू नका." पण सबंध शिरपुरात दुसरीकडे जागा नव्हती. नेमूभाऊंनी छातीला हात लावला आणि मला चार भिंतींची ती रिकामी खोली आठवली.

आम्ही पोचलो तेव्हा धर्मशाळेच्या ओसरीवर नेमूभाऊ एका फळीपुढे बसले होते. फळीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. त्यांची पद्धत अशी होती की एक खोली दोन-तीन कुटुंबांत वाटलेली असायची. शेवटचं कुटुंब निघून गेलं की झाडणाऱ्या रुखमाबाईला हुकूम जायचा: मागल्या दाराने आत शिर, खोलीत जे काही राहिलं असेल ते मागच्या कोठीत नेऊन टाक आणि फरशी धुऊन काढ. तिने झाडून दिल्याखेरीज पुढचं कुणी नाही, असा त्यांच्या मनातला नियम.

त्यांनी एका खिळ्यावरची किल्ली काढून सासऱ्यांच्या हातात दिली. आम्ही ट्रंक, वळकटी, औषधांची पेटी आत ठेवली, कुलूप लावलं आणि दर्शनाला गेलो. परत येऊन कुलूप उघडलं तर खोलीत घोटाभर पाणी आणि सामानाचा मागमूस नाही.

"चोरी!" सासरे ओरडले. सगळी धर्मशाळा गोळा झाली. मी मागच्या कोठीकडे धावलो. आमची वळकटी भिजून जड झालेली, तिच्यावर कुणाच्या तरी गोधड्या, गोधड्यांच्या तळाशी ट्रंक. औषधांच्या पेटीतून तांबडं पाणी गळत होतं. सासऱ्यांचा लोकरी कोट ट्रंकेत नव्हता, तो खोलीतच खुंटीला टांगला होता. रुखमाबाईने त्यानेच फरशी पुसायला घेतली होती.

"मले काय ठावं?" रुखमाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "भाऊनं सांगतलं, आत हाये ते सारं काहाळ. म्या काहाळलं. झाडाले सुरवात केली, पाणी सरलं, म्हून विहिरीवर गेलती. आली त आत आनखी सामान होतं. मले वाटलं, पयले नीट पायलं नाई."

सासरे कोट हातात धरून उभे होते. त्यातून पाणी ठिबकत होतं. "हा माणूस," ते नेमूभाऊंकडे बोट करून म्हणाले, "हा माणूस माझ्या कचेरीत असता तर मी त्याला..." पुढचा शब्द त्यांना सापडेना.

नेमूभाऊ त्यांच्याकडे पाहातच नव्हते. ते रुखमाबाईकडे पाहात होते. "तू विहिरीवर गेलती तवा किल्ली कुठं होती?"

"कुठं राहीन? खिळ्याले."

नेमूभाऊ फळीकडे वळले. त्या रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी वळून माझ्या सासऱ्यांना घट्ट मिठी मारली, ओल्या कोटासकट.

"सापडलं!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मामासाहेब, तुमी सापडून देलं! शेवटचा धरणारा गेला. आपण गाठोडं मोडाले घेतलं. पण नाव खिळ्यावरच! मोडता मोडता नवा गिऱ्हाईक आला, त्यानं नावावरून मांगतलं, आपण अर्धं मोडलेलं देऊन टाकलं! मशीन गोठणार नाई त काय होणार? आधी किल्ली काढाची. मंग झाडाले घ्याचं. अरे, माही अक्कल कुठं गेली होती!"

सासऱ्यांनी मिठीतून सुटायची धडपड केली. मी मध्ये पडलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला नेमूभाऊंच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटत होती. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं होतं, की ते म्हणतात ते तंतोतंत खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाशीमच्या पोस्टात ट्रंककॉल लावून बसलो. सोबत यायची मला काही गरज नव्हती. लाइन लागली तेव्हा पोस्ट माणसांनी भरलं होतं. नेमूभाऊ उभे राहून, एक कान बोटाने बंद करून, मुंबईला ऐकू जाईल असे ओरडत होते. "आधी किल्ली काढा! हॅलो! किल्ली! नाव आधी पुसा! मंग खोली झाडा! झाडाच्या आधी किल्ली!"

आमच्या गल्लीतले बशीरभाई शिंपी मनीऑर्डर करायला आले होते. ते हळूच माझ्याजवळ सरकले. "सर, किल्ली का इतनाच झंझट है तो ताला बदल डालो बोलो ना उनको."

काही आठवड्यांनी मुंबईहून पत्र आलं. दुरुस्ती केल्यापासून यंत्र एकदाही गोठलं नव्हतं. नेमूभाऊंचा भाग राहणार होता. केव्हा येता, म्हणून विचारलं होतं.

आम्ही पेढे खाल्ले. माझ्या बायकोनेही अर्धा खाल्ला. आणि नेमूभाऊ गेले नाहीत.

यावरून मी त्यांच्याशी जेवढा भांडलो तेवढा सायकलीवरूनही भांडलो नव्हतो. जन्मभर ज्याच्यासाठी रांगलात ते दार उघडलं, आणि तुम्ही इथे बसून पोरांना द्विपद प्रमेय शिकवणार? आप्पांना मुंबईला न्या. वहिनींनीही खूप समजावलं. पण आप्पा वाशीम सोडायला तयार नव्हते आणि नेमूभाऊ आप्पांना. "त्याइनं मले धरून ठेवलं हाये, सर. धरणारा हाये तोवर मोडाचं नाई. मशीनले शिकवलं, मीच इसरू का?"

आतल्या खोलीतून आप्पांचा बारीक आवाज आला, "मी सुटलो का मंग जाय रे, नेमा."

मी चहा अर्धा टाकून घरी आलो.

आप्पा त्यानंतर दोन पावसाळे होते. ते गेल्यावर नेमूभाऊंनी मुंबईला लिहिलं. जुनी जागा भरली गेली होती, पण खालची एक होती, ती त्यांनी पत्करली. निघायचा दिवस ठरला. त्या सुट्टीत आम्ही कऱ्हाडला गेलो होतो. निरोप द्यायला म्हणून मी मुद्दाम आठवडाभर आधी एकटा परतलो. गल्लीत शिरलो आणि पाहिलं तर समोरच्या घराची दारं बंद आणि दारावरची पाटी गायब. नेमूभाऊंच्या नावाची लाकडी पाटी. तिच्या जागी दोन भोकं आणि भिंतीचा न विटलेला चौकोन.

न सांगता गेला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बॅग तिथेच रस्त्यात आपटून मी उभा राहिलो. घर पुढे बशीरभाईंना भाड्याने द्यायचं ठरलं होतं, म्हणून त्यांच्या दुकानात गेलो.

"गए कहाँ?" बशीरभाई दातांतली सुई काढून म्हणाले. "अंदरच तो हैं. आठ रोज से कोई आताच नहीं उनके पास. पाटी गायब देख के सब लौट जा रहे."

मी दार ढकललं. ओसरीत पेट्या आणि पसारा, आणि मधोमध नेमूभाऊ मांडी घालून सुतळी गुंडाळत बसलेले. दाढी वाढलेली. मला पाहून उठले. त्यांना किती बरं वाटलं ते दिसत होतं.

"पाटी कुठे आहे?" मी ओरडलोच.

"काढली ना. आवराले घेतलं तवाच. आधी नाव काढाचं, मंग मोडाले घ्याचं. नाईतर अर्ध्या मोडलेल्या घरात लोक येत राह्यतात, त्याइची गैरसोय..."

"नेमूभाऊ," मी म्हणालो. "नाव केव्हा काढायचं? शेवटचा धरणारा सुटल्यावर ना? तुम्हीच शिकवलंत ना? मग मोजलंत का नीट? मी सुटलो होतो का?"

सुतळीचा गुंडा खाली ठेवून नेमूभाऊ एका पेटीत बराच वेळ हात घालून शोधत राहिले. पाटी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, हातोडी घेतली आणि बाहेर जाऊन ती होती तिथे ठोकली. दोन्ही खिळे वाकडे गेले.

"चूक होती," ते म्हणाले. "मोजाले चुकलो."

तो आठवडा त्यांच्या घरी माणसांची रीघ होती. वहिनी पेट्या बांधायच्या आणि कुणीतरी येऊन चहासाठी कपबशा सोडायला लावायचं. मी रोज जात होतो.

शेवटी अकोल्याच्या गाडीत त्यांना बसवायला गेलो. छापील कागदांचं ते बाड त्यांनी मांडीवर घेतलं होतं. त्यांवर वड्यांचे पिवळे गोल उठले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"माने सर, पाटी राह्यली पाहा! तुमी काढजा. तुमाले सुटल्यासारखं वाटलं का मंग."

"डोकं आत घ्या आधी!" मी ओरडलो. त्यांनी आत घेतलं नाही. गाडी वळेपर्यंत ते डोकं तसंच बाहेर होतं.

त्या घरात बशीरभाई राहायला येऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे कपडे शिवायला येणारी गिऱ्हाइकं पाटी वाचून गोंधळतात, शेजारी चौकशी करतात, कधी कधी माझंच दार वाजवतात. बशीरभाई दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतात आणि विचारतात, "सर, वो पाटी कब निकालते?"

मी दर वेळी म्हणतो, काढतो.